अंधारातला हात

शर्ली जॅक्सनच्या 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीत एक रात्र आहे. एलेनॉर आणि थिओडोरा एकाच खोलीत, वेगवेगळ्या पलंगांवर झोपल्या आहेत. भिंतीपलीकडे कोणीतरी पुटपुटतंय, मध्येच हसतंय, आणि मग एक लहान मूल रडू लागतं. एलेनॉरला हलता येत नाही. तिने अंधारात थिओडोराचा हात धरून ठेवला आहे, इतका घट्ट की त्या बोटांची हाडं तिला जाणवताहेत. शेवटी त्या मुलाचे हाल ऐकवेनासे होतात आणि ती ओरडते. पाहते तो खोलीत उजेड आहे आणि थिओडोरा खोलीच्या पलीकडच्या बाजूला, स्वतःच्या पलंगावर, झोपेतून दचकून उठून बसली आहे. मघापासून एलेनॉरच्या हातात जो हात होता, तो तिचा असणं शक्यच नाही.

तो कोणाचा होता, हे जॅक्सन सांगत नाही. पुढच्या पानावर नाही, पुढच्या प्रकरणात नाही, शेवटीही नाही. कादंबरी १९५९ सालची. तेव्हापासून ती वाचणाऱ्या प्रत्येकाने तो हात आपापल्या अंथरुणात नेला आहे. मी ती पहिल्यांदा वाचली ती ऐन मे महिन्यात, आणि त्या रात्री घामाने निथळत असतानाही माझे दोन्ही हात पांघरुणाच्या आत होते.

गाजलेल्या भयकादंबऱ्यांवरून मालिका करण्याची जी लाट गेली काही वर्षं चालू आहे, तिच्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या हातापासून सुरू होतं. प्रत्येक मोठी भयकादंबरी काहीतरी हातचं राखून ठेवते. वाचक ते मागत राहतो, लेखक देत नाही, आणि त्या न देण्यावरच पुस्तकाचा सगळा डोलारा उभा असतो. रूपांतर करणाऱ्याने नावं बदलावीत, काळ बदलावा, देश बदलावा, पात्रं वाढवावीत, प्रसंग इकडचे तिकडे करावेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कादंबरीने जे राखून ठेवलं ते प्रेक्षकाला देऊन टाकू नये. ते दिलं की पुस्तकाचं नाव तेवढं उरतं.

माइक फ्लॅनागनने २०१८ मध्ये नेटफ्लिक्ससाठी 'हिल हाउस'वरून दहा भागांची मालिका केली. ती मी दोनदा पूर्ण पाहिली आहे आणि मला ती फार आवडते. म्हणूनच तिच्याशी भांडायचं आहे. वाईट रूपांतरांशी भांडून काही हाती लागत नाही.

आधी कादंबरीतली एलेनॉर. वय बत्तीस. त्यातली अकरा वर्षं आजारी आईची शुश्रूषा करण्यात गेलेली. आई गेल्यावर बहिणीच्या घरी झोपायला जागा मिळाली आहे, पण तिचं असं काही नाही. हिल हाउसमधल्या अद्भुत गोष्टींचा अभ्यास करायला निघालेल्या डॉ. माँटेग्यू यांचं पत्र येतं आणि ती बहिणीला न सांगता गाडी काढून निघते. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी बोलावलेलं असतं. पुढे होतं असं, की तिला ज्या घराने बोलावलं ते घरच तिला हवंहवंसं वाटू लागतं. बाकीचे तिला परत पाठवायला निघतात तेव्हा ती गाडी आवारातल्या झाडावर घालते. ही कादंबरी वाचून आपण भुताला भितो, पण त्याहून जास्त भितो ते या बाईच्या एकटेपणाला. जगात तिची वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि जे पाहत होतं ते माणूस नव्हतं.

मालिकेने काय केलं? एलेनॉरला कुटुंब दिलं. कादंबरीत ज्या ह्यू क्रेनने ते घर बांधलं, त्याचं नाव मालिकेतल्या वडिलांना मिळालं. घर विकत घेऊन, डागडुजी करून विकावं या बेताने क्रेन नवरा-बायको पाच मुलांना घेऊन उन्हाळ्यात तिथे राहायला येतात. स्टीव्हन, शर्ली, थिओ आणि मग जुळी ल्यूक व नेल, म्हणजेच एलेनॉर. एका रात्री वडील मुलांना उचलून पळ काढतात, आई मागेच राहते. पुढचे दहा तास आपण त्या रात्रीचा माग काढतो आणि मोठ्या झालेल्या मुलांची आयुष्यं त्या रात्रीने कशी वाकवली ते पाहतो.

यातलं एक काम तर असं आहे की ते मालिकेशिवाय होऊच शकलं नसतं. लहानग्या नेलला रात्री मान मोडलेली एक बाई दिसते. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहते, कधी छताला लटकते. नेल मोठी होते, लग्न करते, नवरा डोळ्यांदेखत मरतो, ती बाई तेव्हाही येते. पाचव्या भागाच्या शेवटी नेल त्या घरात परत जाते, तिच्या गळ्यात फास पडतो, ती खाली पडते आणि पडतच राहते, आपल्याच आयुष्यातल्या एकेका रात्रीत. त्या पलंगाच्या पायथ्याशी, त्या छताला. ती बाई ती स्वतःच होती. हे कळतं तेव्हा आधीचे चार भाग मनात उलटे फिरू लागतात. लहान मुलीकडे टक लावून पाहणारं ते भूत खरं तर तिला हाक मारत होतं, सावध करत होतं. दोन तासांच्या सिनेमात हे केलं असतं तर ती चलाखी वाटली असती. इथे आपण तिच्यासोबत वाढलेलो असतो. मालिकेचा वेळ म्हणजे काय, तो कशासाठी वापरायचा, हे शिकायचं असेल त्याने हा भाग पाहावा.

आता ज्या जागी माझं मन अडकतं ती जागा. कादंबरीत हिल हाउसकडे येताना एलेनॉर वाटेत एका खाणावळीत थांबते. शेजारच्या टेबलावर एक लहान मुलगी दूध प्यायला तयार नाही, कारण तिला तिचा नेहमीचा, तळाशी चांदण्या असलेला कप हवा आहे. एलेनॉर तिच्याकडे पाहत मनातल्या मनात तिला सांगत राहते की हटू नकोस, तो कपच माग. पुढे हिल हाउसमध्ये ओळखीपाळखी होताना ती थाप मारते की आपल्याकडेही असा एक कप होता. एका वाटसरू पोरीच्या हट्टातून उचललेली ही उसनी वस्तू हीच तिची सगळी इस्टेट. मालिकेतही चांदण्यांचा कप आहे. फरक एवढाच की तिथे तो लहान नेलच्या हातात खरोखर येतो. प्रेक्षकाला बरं वाटतं, कादंबरी वाचलेल्याला तर जुना मित्र भेटल्यासारखं वाटतं. पण तो कप तिच्या हाती पडला त्या क्षणी ती एलेनॉर राहिली नाही.

शेवटी तर हे अगदी उघडं होतं. जॅक्सनची कादंबरी ज्या शब्दावर संपते तो शब्द एकटेपणाचा आहे. मालिका तेच वाक्य घेते आणि शेवटचा शब्द बदलून सोबतीचा करते. एक शब्द. गेलेली माणसं त्या घरात एकमेकांच्या सोबतीने आहेत, जिवंत राहिलेली बाहेर एकमेकांना सावरताहेत, असा तो शेवट आहे. मी तो पाहताना रडलो, हे कबूल करतो. रडलो म्हणूनच मला प्रश्न पडला.

भरताने भयानक आणि करुण हे वेगळे रस सांगितले. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा शोक. दोन्ही शेजारी राहतात, एकमेकांकडे उठबस करतात. चांगल्या भयकथेत करुणेचा अंश असतोच. पण घराचा मालक कोण, हे ठरलेलं असावं लागतं. 'हिल हाउस' ही भयानक रसाची कादंबरी आहे. तिच्यावरून केलेली मालिका करुण रसाची आहे, आणि भय तिथे पाहुणं म्हणून येतं. हा बदल अपघाताने झालेला नाही. शोक मालिकेला सोसतो. एका घरातली पाच भावंडं, जुने हिशेब, एकमेकांना न बोललेल्या गोष्टी, यावर भाग वाढवत नेता येतात. शोकाला सांत्वन असतं, त्यामुळे शेवटही देता येतो. भयाचं तसं नाही. खऱ्या भयकथेच्या शेवटी कोणी पाठीवरून हात फिरवत नाही.

'मग पुस्तक जसंच्या तसं दाखवावं का?' असं विचारणाऱ्यांना मी स्टीफन किंगच्या 'द शायनिंग'चं उदाहरण देईन. कादंबरी १९७७ ची. स्टॅनली कुब्रिकने १९८० मध्ये तिच्यावरून सिनेमा केला, आणि किंगला तो आवडला नाही, हे त्याने वर्षानुवर्षं सांगितलं. त्याची तक्रार खोटी नव्हती. पुस्तकातला जॅक टॉरन्स हा मुलावर जीव असलेला, दारू सोडू पाहणारा, स्वतःशी झगडणारा बाप आहे. सिनेमातला जॅक निकल्सन पहिल्या दृश्यापासूनच वेडाच्या उंबरठ्यावर दिसतो. पडायला उंचीच नाही, मग पडणं कसं दिसणार? म्हणून १९९७ मध्ये किंगने स्वतः पटकथा लिहून एबीसी वाहिनीसाठी तीन भागांची मालिका करवून घेतली. ज्या हॉटेलात राहून त्याला कादंबरी सुचली, त्या कोलोरॅडोमधल्या स्टॅनली हॉटेलातच चित्रीकरण झालं. बाप परत आला. कुऱ्हाडीच्या जागी पुस्तकातला लाकडी हातोडा आला. झुडपं छाटून केलेले प्राणीसुद्धा आले.

त्या प्राण्यांपाशीच सगळं फसलं. पुस्तकात ते काय करतात? जॅक मान वळवतो, परत पाहतो, आणि त्याला वाटतं की सिंह मघापेक्षा जरा जवळ आहे. त्या प्रसंगात ते हलताना आपल्याला वाचायला मिळत नाहीत, हललेले मिळतात. सगळी भीती त्या दोन नजरांच्या मधल्या फटीत आहे. मालिकेत ते त्या काळच्या संगणकी चित्रांतून, लख्ख दिसतील असे चालू लागले. पुस्तकातली ओळ न ओळ पाळून पुस्तकाने राखलेली एकमेव गोष्ट उधळून टाकली गेली, आणि तीसुद्धा खुद्द लेखकाच्या हातून. लेखकालाही आपण काय राखलं होतं हे दरवेळी ठाऊक असतं असं नाही.

उलट बाजूचं उदाहरणही किंगचंच. 'सेलम्स लॉट' ही १९७५ ची कादंबरी. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं एक लहान गाव, तिथे बार्लो नावाचा रक्तपिपासू येऊन राहतो आणि एकेक घर विझत जातं. पुस्तकातला बार्लो बोलका आहे. जुन्या जगातला, सुसंस्कृत, दर्पिष्ट. शत्रूंना पत्रसुद्धा लिहितो. टोबी हूपरने १९७९ मध्ये सीबीएससाठी दोन भागांची मालिका केली तेव्हा बार्लोची वाचाच काढून घेतली गेली. निळसर कातडीचा, उंदरासारख्या दातांचा, फक्त फुत्कारणारा जीव उरला. बोलण्याचं काम त्याच्या माणसाकडे, म्हणजे जेम्स मेसनने केलेल्या स्ट्रेकरकडे गेलं. पुस्तकाशी ही सरळसरळ फारकत आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. पुस्तकाने जेवढं राखलं त्याहून थोडं जास्तच या मालिकेने राखलं.

याच मालिकेत टेलिव्हिजनवरचं माझ्या मते सर्वांत भयंकर दृश्य आहे. रात्री एक मुलगा झोपेतून जागा होतो. खिडकीबाहेर धुकं आहे आणि धुक्यात त्याचा हरवलेला लहान भाऊ तरंगतो आहे. तो हसतोय आणि नखांनी काचेवर ओरखडे काढतोय. बस. आत घे, एवढंच त्याला हवं आहे. हे दृश्य उलट्या दिशेने चित्रित केलं होतं. दाखवताना फीत पुन्हा उलटी फिरवली, त्यामुळे धुकं मुलाच्या दिशेने ओढलं गेल्यासारखं दिसतं. पाहणाऱ्याला ते समजत नाही, फक्त काहीतरी बिघडलेलं आहे एवढं जाणवतं. ना रक्त, ना किंकाळी. ते मूल कोणाला काही समजावून सांगत बसत नाही.

या ठिकाणी माझा स्वतःचा एक धागा आहे. मी किंग वाचण्याच्या कितीतरी आधी नारायण धारपांची 'लुचाई' वाचली होती, वाचनालयातून आणलेली, पुन्हा पुन्हा बांधलेली, पानांच्या कडा मऊ झालेली. 'लुचाई'मागे 'सेलम्स लॉट' आहे आणि 'शपथ'मागे किंगचीच 'इट', हे फार उशिरा कळलं. तेव्हा फसवलं गेल्यासारखं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. धारपांनी गाव बदललं, माणसं बदलली, देवधर्म बदलला, बोलण्याची ढब बदलली, आणि तरीही ती भीती नावा-गावासकट आमच्या पेठेत येऊन पोचली. पुढे काचेवर नखं ओढणारा तो मुलगा पडद्यावर पाहिला तेव्हा मला मेन राज्य आठवलं नाही, आमच्या वाड्याची मागची खिडकी आठवली. मूळ लेखकाचा उल्लेख ठळकपणे व्हायला हवा होता, हे माझं मत कायम आहे. पण रूपांतर म्हणजे काय हे मला धारपांनी शिकवलं. बाकी सगळं बदला, ती एक गोष्ट सोडून.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ने राखलेली गोष्ट तर इतकी उघड आहे की ती दिसतच नाही. ही १८९७ ची कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणं, फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी यांची बनलेली आहे. जोनाथन लिहितो, मीना लिहिते, ल्यूसी लिहिते, डॉ. सेवर्ड बोलून ठेवतो. मीना हे सगळं टंकलिखित करून क्रमाने लावते. एवढ्या कागदांत ड्रॅक्युलाचं स्वतःचं निवेदन असलेलं एक पानही नाही. पहिल्या चार प्रकरणांत तो आपल्या वाड्यात भरपूर बोलतो, पण तेही जोनाथनच्या लेखणीतून. एकदा इंग्लंडात पोचल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. मागे उरतात खुणा: उघडी खिडकी, गळ्यावरचे दोन ठिपके, मातीच्या पेट्या, वेड्यांच्या इस्पितळातला बडबडणारा रुग्ण. माणसं कागद जुळवून त्याचा माग काढतात. तो काय विचार करतो हे कोणालाच कळत नाही.

बीबीसीने १९७७ मध्ये लुई जूर्दानला घेऊन जो 'काउंट ड्रॅक्युला' केला, तो अंगाने साधा आहे, आज काही ठिकाणी केविलवाणा वाटेल, पण काउंटचं हे दूर असणं त्याने जपलं. जूर्दान शांत, देखणा आणि परका आहे. २०२० मध्ये मार्क गॅटिस आणि स्टीव्हन मोफॅट यांनी बीबीसी व नेटफ्लिक्ससाठी दीड-दीड तासाचे तीन भाग केले. क्लेस बँगचा ड्रॅक्युला हजरजबाबी आहे, विनोद करतो, टाळ्या घेतो. पहिला भाग, त्यातली व्हॅन हेल्सिंग नावाची जोगीण आणि तिने केलेली उलटतपासणी, हे सगळं झकास जमलेलं आहे. पण भागागणिक तो बोलत राहतो आणि आपण त्याला ओळखू लागतो. तिसऱ्या भागात कथा थेट आजच्या काळात येते, आणि अखेर क्रूस, सूर्यप्रकाश यांना तो का घाबरतो याचं मानसशास्त्रीय कारण शोधून आपल्या हातात ठेवलं जातं. त्याला मरणाच्या भीतीची लाज वाटते म्हणे. एवढं कळल्यावर मला त्याची कीव आली. ज्याची कीव आली त्याची भीती कशी राहणार?

इथे कोणी म्हणेल की दोष मालिका या प्रकाराचाच आहे. भाग पाडले, दर भागाला एक आकडा लावला, की भयकथा मेलीच. हे मला मान्य नाही. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही इंग्रजीतली बहुधा सर्वांत जास्त वादग्रस्त भुताची गोष्ट. ती १८९८ मध्ये 'कॉलिअर्स वीकली' या साप्ताहिकात क्रमशः, बारा हप्त्यांत छापून आली. दर आठवड्याला वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होते. म्हणजे ही गोष्ट जन्मानेच मालिका आहे. तिने काय राखलं? ब्लाय नावाच्या घरात दोन मुलांना सांभाळायला आलेल्या त्या तरुण शिक्षिकेला मेलेला नोकर क्विंट आणि मेलेली मिस जेसेल खरोखर दिसतात, की तिच्या मनाचे खेळ आहेत, हे जेम्सने बाराच्या बारा हप्त्यांत सांगितलं नाही. त्यावर समीक्षक शंभरहून अधिक वर्षं भांडताहेत. हप्ते पाडून लिहिता येतं आणि तरीही राखता येतं, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

जॅक क्लेटनच्या 'द इनोसंट्स' या १९६१ च्या सिनेमाने हा तोल सांभाळला. त्यात तळ्यापलीकडे लव्हाळ्यात काळ्या कपड्यांतली एक बाई नुसती उभी आहे, भर दिवसा. शिक्षिकेच्या भूमिकेतली डेबोरा कर तिच्याकडे पाहते, शेजारची मुलगी पाहत नाही, किंवा पाहत नसल्याचं दाखवते. यातलं कोणतं खरं, ते सिनेमा आपल्यावर सोडतो. फ्लॅनागनच्या २०२० च्या 'द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर'मध्ये नऊ भाग आहेत आणि भुतं निःसंशय आहेत. ती का आहेत, ती कोणत्या नियमाने वागतात, त्यांचे चेहरे हळूहळू का पुसले जातात, तळ्यातली बाई कोण, तिचं लग्न कोणाशी झालं, तिला कोणी मारलं, याचा सगळा वृत्तान्त आठव्या भागात कृष्णधवल चित्रांत सांगून होतो. तो भाग सुंदर आहे. पण प्रश्न संपला की ब्लाय हे एक पत्ता असलेलं घर होतं.

असं का होतं याचं कारण मला पैशांपेक्षा वेळेत दिसतं. दीड-दोनशे पानांची गोष्ट नऊ-दहा तास चालवायची तर कुठून तरी भर घालावी लागते. लेखकांची फळी बसते आणि सोपी जागा शोधते. ती जागा म्हणजे भूतकाळ. प्रत्येक पात्राचं बालपण, प्रत्येक भुताचं चरित्र. पुस्तकात जिथे काळोख आहे तिथेच बांधकामाला मोकळी जागा दिसते. कादंबरीने मुद्दाम रिकामं ठेवलेलं अंगण यांना पडीक जमीन वाटते. शिवाय नावाची किंमत आहेच: स्टोकर, एडगर ॲलन पो, हेन्री जेम्स यांच्या पुस्तकांना आता हक्कांचे पैसे मोजावे लागत नाहीत आणि नाव मात्र जगाला ठाऊक असतं. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण वेळ भरून काढायला भूतकाळाशिवाय दुसरंही काही आहे, आणि ते खुद्द या कादंबऱ्यांतच आहे: रोजचं जगणं. 'सेलम्स लॉट'ची ताकद बार्लोमध्ये नाही, गावात आहे. दूधवाला, शाळेचा मास्तर, भाड्याने खोल्या देणारी बाई, लहान मुलाला मारणारी आई. ही माणसं आपल्या ओळखीची झाली की त्यांच्या घरातला दिवा लागला नाही तर काळजात धस्स होतं. मालिकेकडे ओळख करून द्यायला वेळ आहे. भुताची नको, माणसांची करून द्या.

वेळ आवरता कसा घ्यावा याचाही एक जुना नमुना टेलिव्हिजनवर आहे. बीबीसीने १९७१ ते १९७८ या काळात दर नाताळला एक भुताची गोष्ट दाखवली. पहिल्या पाच एम. आर. जेम्स या दुसऱ्या जेम्सच्या कथांवरच्या. वर्षाला एक, अर्ध्या-पाऊण तासाची. इंग्लंडात नाताळच्या रात्री शेकोटीजवळ भुताच्या गोष्टी सांगायची जी रीत होती, ती त्यांनी पडद्यावर आणली. त्याआधी १९६८ मध्ये जोनाथन मिलरने जेम्सच्याच एका कथेवर केलेल्या लघुपटात भूत म्हणजे अंथरुणावरून उठणारी एक चादर आहे. मायकेल हॉर्डर्नने केलेला हुशार प्राध्यापक शेवटी लहान मुलासारखा अंगठा तोंडात घालतो, आणि गोष्ट तिथेच सोडून दिली जाते. चादरीला इतिहास नाही.

हे पाहताना मला सारखं वाटतं की ही रीत आपलीही आहे. त्यांचा नाताळ, आपली दिवाळी. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या दिवाळी अंकांनी मराठी माणसाला वर्षातून एकदा, फराळाच्या ताटाशेजारी बसून, गूढ आणि भय वाचायची सवय लावली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी ती पक्की केली, आणि त्यांच्या कथांवरची 'गहिरे पाणी' ही मालिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना एका बैठकीत संपणारी गोष्ट किती खोल जाते हे माहीत आहे. धारपांची 'ग्रहण' कादंबरी २०१८ मध्ये झी मराठीवर मालिका होऊन आली. तेव्हा मी फार आशेने टीव्हीसमोर बसलो होतो. पण रोज रात्री ठरलेल्या वेळी येणाऱ्या मालिकेला थांबण्याची मुभा नसते. आठवडाभर गोष्ट पुढे ढकलायची, रोज थोडं दाखवायचं, रोज एक धक्का द्यायचा. अशा वेळापत्रकात कोणतीही कादंबरी काही राखून ठेवू शकत नाही, मग करणारे कितीही गुणी असोत.

आता मराठीतही मोजक्या भागांच्या मालिका करायला जागा आहे, पैसे घालणारे आहेत, चांगले नट आणि छायाचित्रकार तर कधीच कमी नव्हते. धारप आणि मतकरी यांच्याकडे नव्या दिग्दर्शकांची नजर वळते आहे याचा मला मनापासून आनंद होतो. त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. पटकथेला बसाल त्या पहिल्या दिवशी, पात्रांची यादी करण्याआधी, एका कोऱ्या कागदावर एवढंच लिहा: या पुस्तकाने काय सांगितलेलं नाही? तो कागद शेवटच्या भागाच्या संकलनापर्यंत समोर ठेवा. वाहिनीतलं कोणी विचारेल की त्या भुताचं पूर्वायुष्य कुठे आहे, प्रेक्षकाला ते कळायला नको का, तेव्हा नाही म्हणा. कादंबरी असेल तर सहा भाग करा आणि सहाव्या भागाला थांबा. कथा असेल तर एक तास पुरे. आणि कोणत्याही मंचाला जमत असेल तर दर दिवाळीला, भाऊबीजेच्या रात्री, एक मराठी भयकथा दाखवायला सुरुवात करा. घरात सगळे जमलेले असतात, दिवे विझायला आलेले असतात. आम्ही पाहायला बसू.